ताईचं तोंड, भाऊजींची गाणी

आमच्या भाऊजींना सगळी नाटक कंपनी 'टकटक' म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. या माणसाची बोटं कधी स्वस्थ बसली नाहीत. टेबल दिसलं की टेबलावर, दार दिसलं की दारावर, पुढच्या खुर्चीत कुणी टकलू बसला असेल तर देवच त्याचं रक्षण करो. सतत टकटक, टकटक. मात्रा मोजायचे म्हणे. संगीत नाटकांची गाणी लिहिणं हा त्यांचा धंदा, आणि तीच गाणी तालमीत पियानोवर बडवणं हा माझा. वर मी त्यांची मेव्हणी. म्हणजे दिवसभर तालमीच्या हॉलमध्ये हेच, आणि रविवारी ताईकडे जेवायला गेलं की टेबलाच्या पलीकडेही हेच.

ते गेल्यावर वर्तमानपत्रात छापून आलं, 'शब्दांचा जादूगार हरपला.' मी वाचलं आणि मला हसू आवरेना. कसला जादूगार! या माणसाने आयुष्यात स्वतःच्या डोक्यातून काढलेली चांगली ओळ मला कुणी दाखवावी. मी शोधून दमले.

जन्मजात कवी वगैरेही काही नाही. तरुणपणी ते विमा कंपनीत नकाराची पत्रं लिहायचे. 'आपण कळवलेली घटना दुःखद आहे, परंतु नियमात बसत नाही,' अशी. आमच्या संगीतकाराच्या घराचं छप्पर गळलं, पियानोत पाणी गेलं, आणि त्याला असलंच एक पत्र आलं. हा गडी पत्र घेऊन तरातरा भांडायला गेला. भांडता भांडता त्याने ते पत्र मोठ्याने वाचलं आणि मध्येच थांबला. म्हणाला, "च्यायला, हे तर गाता येतंय!" दुसऱ्याच आठवड्यात भाऊजी आमच्या कंपनीत. आधीचा गीतकार दुसरा अंक अर्धा टाकून रुसून निघून गेला होता, त्यामुळे कुणीही चाललं असतं.

आता आमच्याकडची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं रामायण कळेल. आमच्याकडे चाल आधी, शब्द मागून. संगीतकार चाल बांधतो, आणि खरे शब्द येईपर्यंत गायकांनी तोंड कसं हलवायचं, म्हणून गीतकार कसलेतरी डमी शब्द भरून देतो. मात्रा बरोबर बसल्या म्हणजे झालं, अर्थाशी कुणाला देणंघेणं नाही. नायिका डोळे मिटून, छातीवर हात ठेवून 'बटाटे संपले, बटाटे संपले' गाते आणि कुणी हसतसुद्धा नाही. मग प्रयोग जवळ आला की गीतकार खरे शब्द आणतो. भाऊजींच्या खऱ्या शब्दांत हटकून चंद्र असायचा. दिवसाच्या प्रसंगातही असायचा.

ताई त्यांना भेटली ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. ते शिकायला आले होते आणि ताई शिकवायची. आमच्या ताईचं तोंड म्हणजे काय सांगू! तिच्या शेजारी बसून गाडी शिकलेली माणसं पुढे कशालाही घाबरली नाहीत. भाऊजी स्टिअरिंगवर टकटक करत बसायचे आणि आरसा दिसला की त्यात स्वतःचा भांग बघायचे. ताई ओरडली, "आरशात बघ! अरे स्वतःला नको, मागचं बघ!" झालं, गडी घायाळ. लायसन्स काही मिळालं नाही, बायको मिळाली. परीक्षा घेणाऱ्याने म्हणे शेरा मारला होता की यांना सायकलही देऊ नये.

लग्नानंतर ताईच्या तोंडाचा पट्टा घरात चालू झाला आणि भाऊजींना डमी शब्दांची ददात उरली नाही. स्वयंपाकघरातून जे ऐकू येईल ते चालीत बसवायचं आणि सकाळी तालमीला आणून द्यायचं. एकदा काय झालं, दिग्दर्शकाने भाऊजींचे चंद्रवाले खरे शब्द ऐकले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "ते आधीचंच ठेवा हो. चंद्र घाला चुलीत." आधीचं म्हणजे,

आरशात बघ, आरशात बघ,
स्वतःला नको, मागचं बघ!

पहिल्याच प्रयोगाला लोकांनी हे गाणं तीनदा म्हणायला लावलं. महिन्याभरात रस्त्यावर पोरं एकमेकांना चिडवायला तेच गाऊ लागली. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. गळ्यात मफलर काय, बोलताना मध्येच खिडकीबाहेर बघणं काय! जणू काही सगळं त्यांनाच सुचलं होतं.

ताईला याचं वाईट वाटलं असेल असं समजू नका. उलट बाईसाहेब खूश! शिकाऊ मुलांना ती छाती पुढे काढून सांगायची, "ते गाणं माझं आहे. मी ओरडले, याने लिहून घेतलं." मग वर्षानुवर्षं हेच चाललं. 'दार लाव, वारा येतो', 'तुझी आई म्हणाली होती', 'हो म्हण नाहीतर नाही म्हण, मान नको हलवू', सगळी ताईची. जेवताना ती भडकली की भाऊजींचा एक हात घास घ्यायचा आणि दुसरा शर्टाच्या खिशातल्या पेन्सिलीकडे जायचा. ताईला ते दिसायचं आणि मग ती आणखी जोरात भडकायची. नवरा-बायकोचं ज्याचं त्याचं काही असतं. यांचं हे होतं.

आणि मग भाऊजींनी माती खाल्ली.

त्या वर्षी ताईच्या छातीत गाठ लागली. तपासणी झाली, निकाल यायचा होता. ते दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. ताई तोंडाने काही दाखवत नव्हती. गाडी शिकवत होती, ओरडत होती. एका सकाळी ती बाथरूममध्ये टबाच्या कडेवर बसली होती, भाऊजी मोजे शोधत होते, आणि ती हळूच म्हणाली, "मी आधी गेले तर तुला मोजे सापडायचे नाहीत रे. कुणाला हाक मारशील?" हे मला पुढे भाऊजींनीच सांगितलं. ताई हळू आवाजात बोलल्याचं तोवर दुसरं उदाहरण नव्हतं.

निकाल चांगला आला. गाठ साधी निघाली. मी रस्त्यातच रडले. ताईने मला रुमाल दिला आणि पुस म्हणाली, लोक बघतायत.

पण मधल्या काळात एक चाल आली होती. थोड्या वेंधळ्या म्हाताऱ्या जोडप्याची, ठुमकत चालणारी चाल. भाऊजींनी तिच्यावर डमी शब्द घातले.

मी आधी गेले तर
मोजे कुठे शोधशील?
डावा मिळेल, उजव्यासाठी
कुणाला हाक मारशील?

मला काय ठाऊक हे कुठून आलं! मी वाजवलं. दिग्दर्शक खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. "टकटक, एक अक्षर बदलायचं नाही!" म्हणाला. भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवली. नाही म्हणायला एका शब्दाचं काम होतं. पण कौतुक झालं की या माणसाच्या मेंदूला रजा मिळायची.

पहिल्या प्रयोगाला ताई तिसऱ्या रांगेत बसली होती. गाणं आलं. म्हाताऱ्याचं काम करणारा नट एक मोजा हातात घेऊन पलंगाखाली शिरला आणि अख्खं थिएटर हसून लोळलं. मी पियानोवरून ताईकडे बघितलं. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं डोळे पुसत हसत होती आणि ती मध्ये सरळ बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिच्या भीतीवर सहाशे माणसं हसली. मला आजही त्या हसण्याचा राग येतो, आणि त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

आता घरी जाऊन ताई त्यांची सालटी काढणार, असं मला वाटलं होतं. भाऊजीही तयारीत होते. पण ताईने कोट काढून ठेवला आणि म्हणाली, "प्रयोग छान झाला. आपलं अभिनंदन."

बस्स. त्या दिवसापासून ताई त्यांच्याशी सभ्य वागू लागली. अबोला धरला असता तर परवडला असता. अबोल्यात निदान भांडी तरी आपटतात. ही बाई "आपल्याला चहा हवा आहे का?" विचारायची. "आभारी आहे" म्हणायची. माझ्यावर ओरडायची, शेजारणीवर ओरडायची, मांजरावर तर घसा फोडून ओरडायची, आणि भाऊजी खोलीत आले की आवाज असा, जणू बँकेत खातं उघडायला आलंय कुणी.

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्यांना वाटलं, जाईल दोन दिवसांत. मग त्यांनी मुद्दाम खोड्या सुरू केल्या. ओला टॉवेल गादीवर टाकला. ताईने उचलून वाळत घातला. दुधाचं भांडं गॅसवर विसरले, दूध उतू गेलं. ताई म्हणाली, "होतं असं." चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरभर फिरले, तर तिने पुसायला फडकं आणलं आणि वर विचारलं, "आपल्याला त्रास तर होत नाही ना?" भाऊजी माझ्याकडे आले आणि डोकं धरून बसले.

"छोटे, ती मला शिव्या का देत नाही गं?"

"तुमची लायकी नाही म्हणून," मी म्हटलं. "जाऊन माफी मागा."

"मागितली. तीनदा मागितली. ती म्हणते, त्यात काय एवढं, आपण कलावंत आहात."

अगं बाई! कलावंत! ही तर ताईच्या शब्दकोशातली सर्वांत घाणेरडी शिवी. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

इकडे नवीन नाटक उभं राहत होतं. नायिकेचं मुख्य गाणं रिकामं होतं. चाल देखणी होती, हो, संगीतकाराची आजवरची उत्तम चाल. भाऊजी डमी शब्दसुद्धा आणेनात. घरात ऐकायला मिळायचं काय, तर 'कृपया' आणि 'धन्यवाद'. नायिका रोज 'ला ला ला' करून वैतागली. दिग्दर्शक मला विचारायचा, तुझा भाऊजी मेला की जिवंत आहे? आणि भाऊजी कोपऱ्यात बसलेले, हात मांडीवर, टकटकही बंद. खरं सांगते, ती टकटक बंद झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग एके दिवशी त्यांच्या डोक्यात किडा आला. ताई घरात सभ्य राहू शकते, पण गाडीत? गाडीत ती आयुष्यात कुणाशी सभ्य वागलेली नाही. पठ्ठ्याने उतारवयात पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंचा तास मागून घेतला. आणि मला ओढत नेऊन मागच्या सीटवर बसवलं. "काही झालं तर साक्षीदार पाहिजे," म्हणाले. मेलो तर काय, तेही विचारायचं राहिलं.

ताईने त्यांना बघितलं, भुवई वर गेली, खाली आली. शेजारी बसली. "कृपया पट्टा लावावा," म्हणाली. "आता आपण क्लच दाबावा."

गाडी आचके देत निघाली. भाऊजींनी दुसऱ्या गियरऐवजी चौथा घातला. गाडी खोकली. "गियर बदलल्यास बरं होईल." उजवीकडे वळायचं तर वायपर सुरू केले. ऊन पडलेलं, आणि काचेवर वायपर खर्र खर्र. ताईचा जबडा मला आरशात दिसत होता. "आपण इंडिकेटर शोधत असाल, तो दुसऱ्या बाजूला आहे. धन्यवाद." सिग्नल आला, भाऊजी हिरव्याला थांबले. मागच्या ट्रकवाल्याने आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. ताई म्हणाली, "सावकाश. घाई नाही." मी मागे बसून मनात म्हटलं, संपलं. ही आता कधीच ओरडणार नाही.

पुढे उताराचा रस्ता, आणि उताराच्या शेवटी आमचं थिएटर. दारात मोठा फलक, त्यावर 'मोज्यांच्या गाण्याने गाजलेलं नाटक' आणि खाली भाऊजींचा मफलरवाला फोटो. आता माणसाने काय करावं? या माणसाने उतारावर गाडी सोडली आणि तो स्वतःचा फोटो बघत बसला. मुद्दाम नव्हे हो, खरोखर! गाडी वेग घेत सरळ फुटपाथवर चढली, फलकाच्या पायात घुसली, आणि ताईने तिच्या बाजूचा ब्रेक असा दाबला की माझा दात ओठात रुतला.

"अरे डोळे आहेत की बटणं?" ताई फुटली. "रस्ता कुठे, तुझं थोबाड कुठे! तेव्हा आरशात स्वतःला बघत होतास, आता फलकावर बघतोस! मरायचंय तर एकटा मर, माझ्या बहिणीला कशाला मागे भरलंस? आणि तो वायपर बंद कर! बंद कर म्हणते ना! ऊन पुसतोयस का?"

काय धबधबा होता! महिनोन् महिने साठलेलं सगळं बाहेर पडलं. टॉवेल, दूध, बूट, एकेकाचा हिशोब. लोक जमले. तिकीट खिडकीतला माणूस बाहेर येऊन टाळ्या वाजवायच्या बेतात होता. आणि भाऊजी स्टिअरिंग धरून बसलेले, तोंडभर हसू, लहान पोरासारखं. मग त्यांचा हात उठला आणि सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला.

ताई वाक्याच्या मध्येच थांबली. त्या हाताकडे बघत राहिली.

भाऊजींनीही आपल्या हाताकडे बघितलं. पेन्सिल काढली, आणि ताईच्या मांडीवर ठेवली.

"ते मोज्यांचं," ते म्हणाले, "मी द्यायला नको होतं."

"लोक हसले रे," ताई म्हणाली. आवाज पुन्हा हळू, त्या बाथरूममधल्या सकाळसारखा. "मी मरणाला घाबरले होते आणि लोक हसले. वाटलं होतं, तू तरी घाबरला असशील."

"घाबरलो होतो गं. घाबरलो की माझी बोटं चालतात. दुसरं काही येत नाही मला."

"मग माझा हात धरायचास. तो काय मात्रेत बसत नव्हता?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. भाऊजींसारखी पोज म्हणून नव्हे, मला रडू येत होतं. मग ताई खेकसली, "आता काय मुक्काम करतोस इथे? रिव्हर्स टाक! आणि आरशात बघ!"

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मोज्यांचं गाणं नाटकातून काढलं. दिग्दर्शक पाया पडला, धमक्या दिल्या, पण हा माणूस जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाला. त्या जागी म्हाताऱ्याची छत्री हरवते असं काहीतरी लिहिलं. कुणी हसलं नाही. नवीन नाटकातल्या त्या देखण्या चालीवर त्यांनी स्वतःच्या डोक्याने शब्द लिहिले. त्यात चंद्र होता, चांदणंही होतं, आणि तिसऱ्या कडव्यात चंद्र पुन्हा आला. नाटक पडलं. साफ आडवं झालं. वर्तमानपत्राने लिहिलं, गीतकार संपला. हेच ते वर्तमानपत्र, पुढे ज्याने जादूगार म्हटलं. त्यानंतर भाऊजींचं एकही गाणं गाजलं नाही.

पडल्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी ताईकडे जेवायला गेले. ताई पळी हातात घेऊन उभी.

"चंद्र?" ती म्हणाली. "एवढ्या चांगल्या चालीवर चंद्र? तो काय तुझ्या मामाचा लागतो? त्या पोरीने गळा फाडून गायलं आणि तू तिला चंद्र दिलास?"

आणि मग तिने जे सुरू केलं ना! सूप गार झालं, ब्रेड वाळला, ताईचं चालूच. चाळीस वर्षांत ती इतकी सुरेख भांडली नव्हती. आणि मध्येच, पळी भाऊजींच्या नाकासमोर नाचवत, ती एक ओळ बोलली. अहाहा! त्या देखण्या चालीवर मोजून मापून बसणारी, पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत. माझ्या कानात पियानो वाजला. ती ओळ नायिकेच्या तोंडी असती तर ते नाटक अजून चालू असतं.

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनाही ऐकू आलं होतं. कान लाल झाले होते. पण दोन्ही हात मांडीखाली दाबून ते बसले होते, गच्च, आणि फक्त ताईकडे बघत होते. मला राहवलं नाही. मी पर्समधून पेन काढलं आणि पेपर नॅपकिन पुढे ओढला. तेवढ्यासाठी भाऊजींनी एक हात मांडीखालून काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"छोटे," ते म्हणाले, "घरातलं आहे ते."

ताईने बघितलं. पळीने त्यांच्या ताटात वाढलं, मग आणखी वाढलं, आणि "खा, गिळ मुकाट्याने," म्हणाली.

ती ओळ मला अजून पाठ आहे. भाऊजी गेले, ताई आता माझ्यावर ओरडते, पियानो मी विकला. पण ओळ आहे. तुम्ही कितीही विचारलंत तरी सांगणार नाही.